थांब, प्रेशर येतंय

१ फेब्रुवारी, शनिवार

काल निरोप समारंभ झाला. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी. गीझरच्या कंपनीत ग्राहक समाधान विभाग इतकी वर्षं सांभाळला, आता ते काम कॉम्प्युटर करणार. ग्राहकाने तक्रार टाईप करायची, कॉम्प्युटरने दिलगिरी व्यक्त करायची. दिलगिरीचा मजकूर मात्र मीच लिहिलेला आहे. म्हणजे तसा मी अजून तिथेच आहे.

साहेबांनी भाषण केलं. माझं आडनाव चुकलं, पण कुणीतरी कानात सांगितल्यावर सुधारलं. मग टाळ्यांच्या गजरात एक खोकं दिलं. घरगुती एस्प्रेसो आणि कॅपुचिनो मशीन. मी दोन शब्द बोललो. खरोखर दोनच, कारण तोवर केक कापायला घेतला होता.

गळा दाटून येईल असं वाटलं होतं, म्हणून रुमाल इस्त्री करून नेला होता. काही दाटलं नाही. टॅक्सीत खोकं मांडीवर घेऊन बसलो आणि रस्त्यावरचे सिग्नल लाल-हिरवे होताना बघत राहिलो. यालाच परिपक्वता म्हणत असावेत.

हिने दार उघडलं. खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, एवढं मोठं काय आणलंत? म्हटलं, भविष्य! ती म्हणाली, ओट्यावर जागा नाही. ही नर्सिंग कॉलेजात शिकवते. पेशंट आला की आधी खाट बघायची, ही सवय.

संकल्प: सोमवारपासून पहाटे उठणे. ही कॉलेजला निघण्यापूर्वी तिच्या हातात वाफाळता कॅपुचिनो देणे. त्यानंतर अंघोळ आणि स्वतःच्या सल्लागार व्यवसायाची तयारी (ग्राहक समाधान या विषयात माझ्याइतका अनुभव कुणाला आहे?). दुपारी वाचन. संध्याकाळी फिरणे. उद्या रविवार, म्हणून विश्रांती.

३ फेब्रुवारी, सोमवार

उठलो तेव्हा ही गेलेली होती. तिचा चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. ठीक आहे. पहिल्या दिवशी मशीनची ओळख करून घेणं जास्त महत्त्वाचं.

मिक्सर कपाटावर टाकला, मशीन ओट्यावर मांडलं. देखणं आहे. डोक्यावर कॉफीची बी दळायची चक्की, छातीवर घड्याळासारखी प्रेशरची तबकडी, खाली मूठ लावलेली गाळणी (गाळणीला दांडा म्हणायचं ठरवलं), कॉफी दाबायला एक दट्ट्या आणि बाजूला वाफेची नळी. माहितीपुस्तिका पुष्कळ भाषांत आहे, आपल्या भाषेत नाही. चित्रांवरून समजून घेतली. एका चित्रात हातावर फुली मारली आहे. म्हणजे हात लावू नये. पण कशाला, ते चित्रात नाही.

पाणी तापवणाऱ्या यंत्रांशी माझा जन्माचा संबंध. हे मशीन म्हणजे शेवटी काय, शिकलेला गीझर. आठवडाभरात हातात बसेल.

फिरायला गेलो नाही. पाय मशीनपाशीच उभे राहून दुखले होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली एस्प्रेसो! वेळेवर उठलो. बी दळली, दांड्यात भरली, दट्ट्याने दाबली. बटण दाबल्यावर मशीन कण्हलं. बराच वेळ काही नाही. मग एक काळा थेंब आला, विचार करून आणखी एक आला. तळाला बोटभरही नाही.

हिने जिभेवर घेऊन पाहिली. म्हणाली, आमच्याकडे अशी चव लागली की पेशंट विचारतात, दिवसातून किती वेळा घ्यायचं? आणि स्वतःचा चहा ठेवला.

मी मात्र सगळी प्यायलो. कडू होती की आंबट, सांगता येणार नाही. परदेशात अशीच पीत असणार. चव ही सवयीची गोष्ट आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलोय. एक दाढीवाला आहे, तो फारच मुद्देसूद. त्याच्या मते सगळी मेख दळण्यात आहे. जाडं झालं तर पाणी पळून जातं, बारीक झालं तर अडतं. मी बारीक दळत होतो. तीन दिवस दळण जाडं-बारीक करतोय. पाणी एकतर पळून जातंय, नाहीतर अडून बसतंय. मधला मार्ग असतो असं दाढीवाला शपथेवर सांगतो.

दुपारी खालचे डेंटिस्ट वर आले. तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. अतिशय सभ्य माणूस, दारातच बूट काढायला लागले. म्हणाले, एक विनंती होती, सकाळी माझे पेशंट बाहेर बसलेले असतात आणि वरून तुमच्या यंत्राचा घर्र आवाज येतो. त्यांना वाटतं आत कुणाची तरी दाढ कोरतायत. आज एक बाई नंबर लागायच्या आतच निघून गेल्या. मी म्हटलं, डॉक्टर, तुमची गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सवयीने गेलं तोंडून. ते म्हणाले, आम्ही म्हणजे अजून कोण आहे?

यापुढे त्यांच्या वेळेच्या आधीच दळून ठेवणार. म्हणजे पहाटे उठणं आता सक्तीचंच झालं. एका दगडात दोन पक्षी.

९ फेब्रुवारी, रविवार

वाफ. आज दुधाला फेस आणायचा होता. स्टीलच्या जगमध्ये थंड दूध घ्यायचं, नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला टेकेल न टेकेल असं धरायचं आणि वाफ सोडायची. मी टोक पृष्ठभागाच्या किंचित वर धरलं. किंचितच.

छत पुसायला शिडी आणावी लागली. ही शिडी धरून उभी राहिली. वर उभा असताना ती खालून म्हणाली, तुम्ही बरे आहात ना? म्हटलं, शिडी धर, हलतेय. ती म्हणाली, शिडीचं नाही विचारत. मी म्हटलं, भाजलं कुठेच नाही, बघ. हात दाखवले.

बायकांना काळजी करायला काहीतरी लागतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सल्लागार व्यवसायाचं नाव ठरवायला बसलो. सकाळ गेली. मग कॉफी केली. मग नाव नको, आधी नुसतं व्हिजिटिंग कार्डाचं डिझाईन करावं असं ठरलं. त्यावर काय लिहायचं हा प्रश्न आला. परत कॉफी केली. आज एकूण कॉफी फार झाली. आत मात्र सगळं स्वच्छ, शांत. कुणी घरातलं सगळं सामान उचलून नेल्यावर खोलीत जसं वाटतं तसं. काम सुरू करण्याआधी मन असंच रिकामं असावं लागतं.

ऑफिसच्या सगळ्यांना मेल टाकला: रविवार, तेवीस तारखेला माझ्या घरी कॉफीपान. जुन्या आठवणी, नवे विचार. खाली सवयीप्रमाणे पदनाम लिहिलं होतं, ते पाठवल्यावर लक्षात आलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, रोज आईशी बोलते, माझ्याशी आठवड्यातून एकदा. म्हणाली, बाबा, कसं चाललंय? मी सविस्तर सांगितलं. प्रेशर सुरुवातीला चढतं, पण टिकत नाही. मधेच एकदम पडतं. बहुधा आत कुठेतरी गळती असावी. ती मग म्हणाली, बाबा, तू स्वतःबद्दल बोलतोयस का? म्हटलं, छे गं, पंपाबद्दल.

ती म्हणाली, आईशी बोलत जा जरा. तिचं काहीतरी चाललंय.

हिचं काय चाललंय? कॉलेज, पेपर तपासणं, तेच. तरी लक्ष द्यायचं ठरवलं. रविवारी.

१६ फेब्रुवारी, रविवार

विजय!

आज फेस जमला. नळी नेमक्या जागी बसली, दूध जगमध्ये भोवऱ्यासारखं फिरायला लागलं आणि दाढीवाला म्हणतो तसा कापड फाटल्यासारखा आवाज यायला लागला. नेमकी त्याच वेळी ही हातात एक पत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. वाफ चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, आणि मधेच बंद करावी तर फेस बसतो. तिचे ओठ हलताना दिसत होते. चेहरा गंभीर. दूध फार संपतंय, असं काहीतरी असावं. मी मधूनमधून मान डोलावली.

इतक्यात जगमध्ये पाहिलं. नुसतं रेशीम! मी ओरडलो, उत्तम! अगदी उत्तम! याहून चांगलं काय असणार!

वाफ बंद केली. एकदम शांतता. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, शंभर टक्के. कधीपासून मी याचीच वाट बघत होतो. ती म्हणाली, तुम्हाला काहीच वाटत नाही? म्हटलं, वाटतं तर! मोकळं वाटतंय.

ती मग म्हणाली, बरं. पत्राची घडी घातली.

मी तिच्या हातात कॅपुचिनो दिला. उभ्या उभ्या सगळा प्यायली. आजवर तिने एवढा कप कधी रिकामा केला नव्हता. चव कशी होती विचारलं, तर म्हणाली, कळली नाही.

शिवाय आज ठरवल्याप्रमाणे तिच्याशी बोलणंही झालं. दोन्ही कामं एकदम.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ही नवी बॅग घेऊन आली. मोठी, चाकांची. कुठे परिसंवाद असेल. विचारणार होतो, पण ती स्वतःच सांगेल. मुरलेल्या जोडप्यात सगळं विचारावं लागत नाही.

फेस पुन्हा जमला नाही. रविवारी कसा जमला होता ते आठवतोय. उभं राहण्याची जागा तीच, जग तोच, दूध तेच. फरक एवढाच, की ही दारात नव्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

कॉफीपान. कप मांडले, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्या, बिस्किटं वर्तुळात लावली. ही म्हणाली, मी थांबू का मदतीला? म्हटलं, तू तुझी कामं कर, ही माझी माणसं आहेत.

एक जण आला. आमच्या विभागातला ज्युनिअर, ज्याला आम्ही ‘तात्पुरता’ म्हणायचो, कारण तो आल्यापासून तात्पुरताच होता. बाकीच्यांनी तुम्हाला शुभेच्छा सांगितल्यात म्हणाला. मी मशीनपाशी गेलो, तर म्हणाला, सर, मला नको, कॉफीने अॅसिडिटी होते, साधं पाणी चालेल. त्याला पाणी दिलं. कपातूनच दिलं.

म्हटलं, काय म्हणतंय ऑफिस? म्हणाला, मस्त झालंय सर, तुमची केबिन पाडली. तिथे आता कॉफी कॉर्नर केलाय. मोठं मशीन आहे, बटण दाबलं की हवी ती येते. तिथे नेहमी गर्दी असते.

मी म्हटलं, वा. एका अर्थी माझी परंपराच पुढे चालू आहे म्हणायची. त्याने मान हलवली. मग आल्याचं कारण काढलं: दुसरीकडे अर्ज केलाय, शिफारस म्हणून तुमचं नाव देऊ का? म्हटलं, अवश्य. तो म्हणाला, पण तिकडून फोन आला तर, तुम्ही अजून कंपनीतच आहात असं सांगाल का? मी हो म्हटलं. त्यात खोटं काय? दिलगिरी आहेच की तिथे.

तो गेल्यावर खुर्च्या परत द्यायला गेलो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, इतक्या लवकर संपलं? म्हटलं, सुटसुटीत ठेवलं होतं.

बिस्किटं अजून वर्तुळातच आहेत. ज्युनिअरने मधलं एक घेतलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मशीन नवाच आवाज काढतंय. प्रेशर तबकडीच्या मध्यापर्यंत येऊन थबकतं आणि परत जातं. मशीनच्या कंपनीला फोन केला. तिथला रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. वाक्यरचना बरी होती. ‘अत्यंत’ घालायला हवं होतं. मग एका मुलीने सांगितलं, सर, मशीन बंद करून पुन्हा चालू करून बघा. हा सल्ला मी स्वतः हजारो लोकांना दिला आहे. त्यामागे काहीही नसतं. तरीही बंद करून पुन्हा चालू केलं. माणसाने आशा सोडू नये.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. मला एरवी फक्त वाढदिवसाला फोन करतो, तोही दुसऱ्या दिवशी. म्हणाला, भावजी, मानलं तुम्हाला! म्हटलं, कशाबद्दल? म्हणाला, ताई सांगत होती. प्रिन्सिपॉलची पोस्ट, ती पण इतक्या लांबच्या शहरात, आणि तुम्ही एका शब्दात हो म्हणालात! दुसरा कुणी असता तर आकांडतांडव केलं असतं. ताई तर म्हणाली, मला वाटलं होतं नको म्हणतील. निदान विचार करून सांगतो म्हणतील.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.

फोन ठेवला. खुर्चीत बसलो. ओट्यावर मशीनचा तांबडा दिवा लुकलुकत होता, तो बघत बसलो.

मग सगळा उलगडा झाला. त्या रविवारचं पत्र, मोठी बॅग. ही प्रिन्सिपॉल झाली! अभिमानाची गोष्ट आहे. छाती फुगायला हवी. फुगेल.

हिला आता विचारण्यात अर्थ नाही. तिच्या समजुतीप्रमाणे मला सगळं माहीत आहे, आणि आता तर खरंच माहीत आहे. म्हणजे गैरसमज आपोआपच मिटला. आम्ही जाणार तर! नवं शहर, नवं घर. सल्लागार व्यवसायाला तिथे स्पर्धाही कमी असणार. इथे घोडं का अडलं होतं ते आत्ता कळलं: शहरच चुकीचं होतं.

२ मार्च, रविवार

बबल रॅप आणला. मशीन व्यवस्थित गुंडाळलं, आधी दांडा वेगळा, दट्ट्या वेगळा, मग सगळं मूळ खोक्यात. खोकं टाकलं नव्हतं, ही दूरदृष्टी. वर लिहिलं: नाजूक. बाण काढून ‘ही बाजू वर’.

खालच्या डेंटिस्टना जिन्यात सांगितलं, आम्ही चाललो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. एवढा आनंद लपवणं त्यांना जमलं नाही.

सकाळपासून कॉफी नाही. डोकं दुखतंय. ही कपाट आवरतेय. तिचाच कप्पा आधी घेतला आहे. माझा नंतर घेईल.

४ मार्च, मंगळवार

ही कॉलेजातून आली आणि हॉलमधल्या खोक्याला अडखळली. म्हणाली, हे परत का बांधलंत? म्हटलं, तिकडे न्यायला. नव्या ओट्यावर नळाजवळची जागा याला ठेवायची, आत्ताच सांगून ठेवतो.

ती पर्ससकट खुर्चीत बसली. म्हणाली, अहो, तिथे मला लेडीज हॉस्टेलमधली खोली आहे. एका माणसाची. पुरुषांना फाटकाच्या आत सोडत नाहीत. मी सांगितलं होतं की तुम्हाला.

मी म्हटलं, हो हो.

ती म्हणाली, मी दोन गोष्टी विचारल्या होत्या. भाड्याने घर बघू, तुम्ही याल का? नाहीतर मी पोस्टच नाकारते, मला त्याचं काही नाही. तुम्हाला आत्ता एकटं सोडून जायचं माझ्या मनात नाही. असं मी सगळं म्हटलं, शेवटी विचारलं, का मी एकटीनेच जावं असं वाटतं तुम्हाला, आणि तुम्ही म्हणालात, उत्तम, याहून चांगलं काय असणार. कधीपासून याचीच वाट बघत होतो म्हणालात. मोकळं वाटतंय म्हणालात.

मला आठवलं. शब्द न् शब्द माझाच होता.

ती माझ्याकडे बघत होती. कॉलेजातल्या मुलींना बघते तसं नाही. वेगळं. म्हणाली, तसंच होतं ना मनात?

आता इथे खुलासा करता आला असता. वाफ चालू होती, ऐकू आलं नाही, मी फेसाबद्दल बोलत होतो. पण ते फार विचित्र वाटलं असतं. एवढी महत्त्वाची गोष्ट नवऱ्याने ऐकलीच नाही म्हटल्यावर हिला वाईट वाटलं असतं. शिवाय तिची ऑर्डर निघालेली, बॅग घेतलेली. मी तिच्या मनाचा विचार केला आणि म्हटलं, हो, तसंच. मशीन मी फक्त धूळ बसू नये म्हणून बांधलं होतं.

ती म्हणाली, नव्या ओट्यावर ठेवायचं म्हणालात ना आत्ता?

म्हटलं, गंमत.

ती हसली नाही. उठली, भाजी चिरायला घेतली. बराच वेळ चिरत होती. आम्ही दोघंच जेवणार होतो, पण चारजणांची चिरली.

खोकं पुन्हा उघडलं. बबल रॅपचे फुगे फोडत बसलो. मन अगदी स्थिर होतं.

७ मार्च, शुक्रवार

ही घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवतेय. वॉशिंग मशीनवर कुठलं बटण, गॅसच्या नळीवर केव्हा बंद, औषधाच्या डब्यावर कुठली गोळी. मी म्हटलं, मी काय लहान आहे? ती म्हणाली, नाही. आणि फ्रीजवर आणखी एक चिकटवली.

कॉफी मशीनवर चिठ्ठी नाही. तिथे मी स्वयंपूर्ण आहे, हे तिलाही मान्य आहे.

संकल्प: रविवारी ती निघण्यापूर्वी असा कॅपुचिनो देणार, की प्रवासभर तिच्या जिभेवर चव राहील. बोलणं वगैरे त्या वेळी सुचेल.

९ मार्च, रविवार

पहाटेच उठलो. खरंच उठलो. दळण आदल्या दिवशीच तयार होतं. मशीन तापत ठेवलं. ही तयार होऊन बाहेर आली. निळी साडी, समारंभाची. बॅग दाराशी. टॅक्सी सांगितलेली होती.

बटण दाबलं. तबकडीचा काटा मध्यावर येऊन थबकला आणि मागे गेला. बंद करून पुन्हा चालू केलं. परत तेच. हिने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, राहू द्या, मला नकोय कॉफी. म्हटलं, हे बघ, एक मिनिट.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

ती उठली. चप्पल घातली. बॅग स्वतःच उंबऱ्याबाहेर घेतली. मग परत आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. या वेळी वाफ चालू नव्हती. अगदी स्वच्छ ऐकू आलं. म्हणाली, काही म्हणायचंय का तुम्हाला?

काटा हलला होता. वर सरकत होता.

म्हटलं, थांब, प्रेशर येतंय.

ती थांबली. खरंच थांबली थोडी. हॉर्न पुन्हा वाजला. मग म्हणाली, काळजी घ्या, आणि गेली. जिन्यात बॅगेची चाकं प्रत्येक पायरीवर आपटत गेली. बॅग उचलायला जायला हवं होतं, पण दांडा सोडला असता तर सगळं वाया गेलं असतं.

प्रेशर आलं. पुस्तिकेतल्या चित्रात असते तशी दाट, तपकिरी धार. दूध घुसळलं. रेशीम. कप घेऊन गॅलरीत गेलो. टॅक्सी कोपऱ्यावरच्या सिग्नलला उभी होती. सिग्नल हिरवा झाला.

कप मीच प्यायलो. इतके दिवस ज्यासाठी धडपडलो, तो हाच. चव कशी होती हे आत्ता लिहायला बसलोय, तर आठवत नाही. गरम होता.

११ मार्च, मंगळवार

हिचा फोन. पोचली, खोली छान आहे, खिडकीतून मैदान दिसतं. मुलींनी फुलं दिली. मेसमध्ये मोठ्या भांड्यात तयार पावडरची कॉफी करतात, म्हणाली, आणि बरी लागते हो! असं म्हणून हसली. तिचं हसणं फोनवर वेगळंच ऐकू येतं. किंवा पूर्वी तसंच असेल.

मी म्हटलं, पावडरला अस्सल चव नसते. ती म्हणाली, हं. मग जेवलात का विचारलं. म्हटलं, हो.

मग जेवलो.

एकांताचे फायदे: पसारा नाही. शांतता. व्यवसायासाठी सलग वेळ. हॉलमध्येच झोपतो, म्हणजे दोन खोल्यांची साफसफाई वाचते.

१४ मार्च, शुक्रवार

ज्युनिअरने ज्या कंपनीत अर्ज केला होता, तिथून फोन आला. मी कंपनीच्या आवाजात बोललो. मुलगा होतकरू, कष्टाळू, कायम करण्यालायक आहे. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, आपलं पद काय? मी सांगितलं. ते म्हणाले, आत्ता आपल्या ऑफिसला फोन केला होता, तिथे असा विभागच नाही म्हणाले. मी म्हटलं, पुनर्रचना चालू आहे. ते म्हणाले, बरोबर आहे. फार सौजन्याने फोन ठेवला. एवढं सौजन्य मी ओळखतो. त्यात मी आयुष्य काढलंय.

लेकीचाही फोन आला. म्हणाली, बाबा, मी येऊ का दोन दिवस? म्हटलं, कशाला गं, तुझ्या सुट्ट्या वाया जातील. ती म्हणाली, मग तू ये इकडे. म्हटलं, सध्या फार गडबड आहे, बघतो. ती म्हणाली, कसली गडबड? नेमका तेव्हाच मशीनमधून धूर आला, म्हणून फोन ठेवावा लागला. धूर म्हणजे तसा फार नव्हता.

१६ मार्च, रविवार

मशीन बंद. दिवाही लागत नाही. बंद करून चालू केलं. पुन्हा बंद करून चालू केलं. प्लग बदलला. पुस्तिकेतली सगळी चित्रं पुन्हा पाहिली. हातावर फुली.

ओट्यासमोर बराच वेळ उभा होतो. डेंटिस्टचा दवाखाना रविवारी बंद, त्यामुळे खालूनही काही आवाज नाही. गॅसवर चहा ठेवावा असं मनात आलं. डबे उघडले. हिने चहाच्या डब्याला चिठ्ठी लावली नव्हती, तिला वाटलं असेल हे कळेलच. सापडला नाही.

१८ मार्च, मंगळवार

मशीनच्या कंपनीत तक्रार नोंदवली. या वेळी फोनवर एक बाई होत्या. आवाजात घाई नाही, शिकाऊ नाहीत हे लगेच कळलं. सगळं नीट लिहून घेतलं. म्हणाल्या, आमचा माणूस घरी येऊन बघेल. आपल्याला कुठला दिवस सोयीचा?

मी कॅलेंडर बघतो म्हटलं. भिंतीवरचं कॅलेंडर अजून फेब्रुवारीवर होतं. मार्च काढला. सगळे चौकोन कोरे. त्या वाट बघत होत्या. मला सांगायचं होतं की बुधवारी एक मीटिंग आहे, गुरुवारी बाहेरगावी जायचंय, शुक्रवारी दुपारनंतर जमेल. प्रत्येक ग्राहक असंच सांगतो. मीही तोंड उघडलं.

म्हटलं, केव्हाही या. मी घरीच असतो.

त्या म्हणाल्या, सकाळी की दुपारी?

म्हटलं, केव्हाही.

त्या म्हणाल्या, थँक यू सर, तुमच्यासारखे ग्राहक फार कमी मिळतात. पाठवते मी माणसाला, लवकरात लवकर.

फोन ठेवून खुर्चीत बसलो. आमच्या विभागात ‘केव्हाही या’ म्हणणारा ग्राहक आम्ही यादीत सगळ्यांत खाली ठेवायचो. त्याच्याकडे कधीही गेलं तरी चालतं.